आभाळातले ऊन, अंगावरचे ऊन

मराठीत ‘मुडदूस’ हा शब्द आहे, आणि या विषयाची सुरुवात तिथूनच करायला हवी. जो आजार आपल्या घरांत कधी आलाच नाही, त्याला भाषा घरगुती नाव देत नाही. लेकराची टाळू वेळेवर भरत नाही, दात उशिरा येतात, मनगटे जाड दिसू लागतात, फासळ्यांच्या टोकांशी मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात, आणि मूल उभे राहू लागले की कोवळे पाय धनुष्यासारखे वाकतात किंवा गुडघे एकमेकांना घासू लागतात. या साऱ्याला मिळून आपण मुडदूस म्हणत आलो. ‘ड’ जीवनसत्त्वाची किंवा कॅल्शियमची, पुष्कळदा दोन्हींची, कमतरता हे त्याचे मुख्य कारण. ‘ड’ जीवनसत्त्व तर उन्हातून मिळते आणि मराठवाड्यात उन्हाला कधी तोटा नसतो. मग हा शब्द आपल्याकडे आला कसा, आणि अजून टिकला का? या प्रस्तावनेचे म्हणणे एवढेच आहे की आभाळात ऊन असणे आणि ते लेकराच्या उघड्या अंगावर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भूगोल ठरवतो. दुसरी ठरते घराच्या बांधणीवर, आईबापांच्या कामाच्या वेळांवर, कपड्यांवर, हवेवर आणि रिवाजावर. ऊन भरपूर आहे या भरवशावर राहिलो तर ज्या बाळाला स्वतः उठून उन्हात जाता येत नाही, त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून पहिल्या वर्षी रोज ठरलेल्या मात्रेचे थेंब, पुढे उघड्यावरचा खेळ आणि ताटात पुरेसे कॅल्शियम, ही लसीकरणाइतकीच साधी आणि नेमाने पाळायची काळजी मानली पाहिजे.

शरीरात काय घडते ते आधी पाहू. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातले २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील ‘ब’ किरण त्यावर पडले की त्याचे रूपांतर ‘ड’ जीवनसत्त्वात होते. ते पुढे यकृतात जाते, तिथे त्याचे साठवणीचे रूप तयार होते, आणि मूत्रपिंडात त्याला शेवटचे, कामाचे रूप मिळते. या रूपात ते जीवनसत्त्वापेक्षा संप्रेरकासारखेच वागते. त्याचे सर्वांत पक्के ठाऊक असलेले काम आतड्यात चालते. ‘ड’ची चणचण असेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के रक्तात उतरते, ते पुरेसे असेल तर हे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांवर जाते. रक्तातले कॅल्शियम घसरू देणे शरीराला परवडत नाही, कारण हृदयाचे ठोके आणि मज्जातंतूंचे काम त्यावर चालते. म्हणून तूट पडली की शरीर हाडांतून उचल करते. मोठ्या माणसाची हाडे ही उचल काही वर्षे सोसतात. ज्या लेकराचे हाड रोज वाढते आहे, त्याचे नवे हाड मात्र मऊच राहते आणि अंगाच्या भाराने वाकते. याहून गंभीर प्रकारही आहेत. काही तान्ह्या बाळांत पाय वाकण्याच्या कितीतरी आधी कॅल्शियम घसरून झटके येतात, क्वचित हृदयाचा स्नायूही अशक्त होतो. हाडे वाकलेली दिसेपर्यंत थांबणे म्हणजे आजाराला बराच उशिरा ओळखणे.

या आजाराचा उन्हाशी असलेला संबंध कळायला युरोपाला शतके लागली. फ्रान्सिस ग्लिसन याने १६५० मध्ये मुडदुसाचे सविस्तर वर्णन केले, तरी त्याचे कारण धुराने काळवंडलेल्या शहरांतल्या अरुंद गल्ल्यांत दडलेले असल्याचे बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील प्रकाशाचा दिवा वापरला आणि हाडे भरून येतात हे क्ष-किरण चित्रांतून दाखवले. एकाच हातावर प्रकाश पाडला तरी दुसऱ्या हाताचे हाडही सुधारते, हेही त्यांना दिसले. म्हणजे त्वचेत तयार झालेले काहीतरी रक्तातून सगळीकडे पोचत होते. त्याच वर्षी एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवरील प्रयोगांतून मुडदूस आहाराने होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने टळतो, असे मांडले. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी त्या तेलातल्या घटकाला ‘ड’ हे अक्षर दिले. ऊन आणि तेल, दोन्हींतून तोच पदार्थ शरीराला मिळत होता.

आपल्यासाठी याहून मोलाचा दाखला मात्र त्याच १९२२ सालचा आणि आपल्याच मुलखातला, नाशिकचा आहे. एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह यांनी नाशिकमधल्या मुडदुसाची पाहणी प्रसिद्ध केली. आजार गरिबांच्या वस्तीत सापडेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले उलटे. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत, जिथे दूधदुभते होते पण बायका आणि तान्ही मुले आतल्या खोल्यांत राहत, तिथे मुडदूस आढळला. ज्यांचे अन्न निकृष्ट होते पण ज्यांची लेकरे आईबरोबर दिवसभर उघड्यावर असत, त्या गरीब घरांत तो जवळपास नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पाहणीत आजच्या शास्त्रीय काटेकोरपणाची अपेक्षा ठेवता येणार नाही. पण तिने मांडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा खरी ठरली आहे: एकाच शहरात, एकाच आभाळाखाली, एका मुलाला ऊन मिळते आणि दुसऱ्याला नाही. शिवाय ‘आमच्या आजीच्या काळी कुठे होते थेंब?’ या नेहमीच्या आक्षेपाचे उत्तरही तिच्यात आहे. आजीच्या काळी थेंब नव्हते, पण बहुतेकांना अंगण होते. आणि ज्या घरांत अंगण असूनही लेकरू आत ठेवले जाई, तिथे मुडदूसही होता.

नाशिकच्या या निष्कर्षाला पुढे पुण्याने दुजोरा दिला. जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन संस्थेत अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी मुलांच्या हाडांवर अनेक वर्षे काम करत आले आहेत. त्यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एकाच झोपडपट्टीतली लहान मुले तपासली. काही मुले पाळणाघरात जात आणि तिथे त्यांना रोज उन्हात खेळवले जाई. बाकीची घरीच, बहुधा एका अंधाऱ्या खोलीत दिवस काढत. परिस्थिती सारखीच, वस्ती तीच. तरी उन्हात खेळणाऱ्यांच्या रक्तात ‘ड’ची पातळी कितीतरी वरची होती आणि मुडदुसाची लक्षणे बरीच कमी होती. हवाही यात भाग घेते. दिल्लीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धुराने कोंदलेल्या मोरी गेट भागातल्या ९ ते २४ महिन्यांच्या मुलांत सरासरी पातळी मिलिलिटरमागे १२.४ नॅनोग्रॅम होती, तर तेव्हा मोकळ्या हवेच्या गुडगावात ती २७.१ होती. देशपातळीवर २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलामुलींत पातळी १२ नॅनोग्रॅमच्याही खाली होती. ‘म्हणजे ८६ टक्के लहान मुले ठीकच आहेत की,’ असे कोणी म्हणेल. हे आकडे घाबरून जाण्याजोगे नाहीत, हे मान्य. पण सात मुलांमागे एक मूल तुटीच्या रेषेखाली असणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यातही तान्ही बाळे, ज्यांना धोका सर्वांत जास्त, या रक्ततपासणीत नव्हती.

आता हे सगळे छत्रपती संभाजीनगरच्या छावणीच्या नकाशावर ठेवून पाहू. खाम नदीच्या एका बाजूला जुने शहर, दुसऱ्या बाजूला ही लष्करी वसाहत. रुंद रस्ते, आवारात मागे सरकून बांधलेले बंगले, इमारतींमधले अंतर: एकोणिसाव्या शतकातल्या छावण्यांची ही ठेवण सैनिकांच्या आरोग्याचा विचार करून झाली. हवा आणि उजेड ही त्या रचनेत चैन नव्हती, ती व्यवस्था होती. त्याच छावणीच्या बाजारपेठेत मात्र घराला घर लागून आहे, आणि शहर पडेगाव-मिटमिट्याच्या बाजूने पसरले तशी मोकळ्या माळावरही सदनिकांची रांग उभी राहिली. वाळूजच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आईबापांचे बाळ दुपारी आजीजवळ किंवा शेजारणीजवळ, पंख्याखाली, पडदे ओढलेल्या खोलीत असते. खिडकीतून येणारे ऊन काचेआडचे असेल तर अतिनील ‘ब’ किरण काचेतच अडतात. खोली उजळते, त्वचेत काही घडत नाही. बाळंतिणीला सव्वा महिना वाऱ्या-उन्हापासून जपायचे, बाळाला टोपडे, अंगडे आणि दुपट्यात गुंडाळायचे, हा रिवाज थंडीत मायेचा आहे. पण त्याने दोघांच्याही अंगावरचे ऊन तुटते.

रिवाजातली एक गोष्ट मात्र नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यावर आपला फार भरवसा असतो: कोवळे ऊन. सकाळी बाळाला तेल लावून सातच्या उन्हात घेऊन बसले की ‘ड’चे काम झाले, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावे लागते आणि नेमके अतिनील ‘ब’ किरणच त्यात गाळले जातात. कोवळ्या उन्हात ऊब आहे, ‘ड’ फारसे नाही. सोपी खूण सावलीची: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर चढला, तेव्हा कामाचे किरण जमिनीवर पोचू लागतात. छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही साडेबाराच्या सुमारास सूर्य ४६ अंशांच्या वर जातो. म्हणजे लंडन-बर्लिनसारखा कामाचे ऊन नसलेला हिवाळा आपल्याकडे येतच नाही. ‘पण एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत लेकराला दुपारी बाहेर कोण काढील?’ हा आक्षेप अगदी रास्त आहे. उत्तरही सावलीतच आहे. मे महिन्यात इथली सावली सकाळी सव्वानऊच्या सुमारासच उंचीइतकी होते, आणि पुढचा पाऊण तास उन्हाच्या तडाख्याआधीचा असतो. हिवाळ्यात मात्र हीच वेळ दुपारी शोधावी लागते, आणि ते सुखाचेही असते. चालत्या-धावत्या मुलाने हात-पाय उघडे ठेवून या वेळी थोडा वेळ खेळणे पुरेसे आहे. त्वचा लाल होईपर्यंत भाजून घेण्याने काही जास्त मिळत नाही.

मग थेंब कशाला, उन्हावरच का भागवू नये? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात असे दिसले की अंगावर पिणाऱ्या बाळाला सकाळी १० ते दुपारी ३ या वेळात, अंगाचा ४० टक्के भाग उघडा ठेवून, आठवड्याला किमान अर्धा तास ऊन मिळाले तर पातळी सुधारते. म्हणजे ऊन चालते, यात शंका नाही. पण जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते, मार्च ते मे ऊन तापलेले असते, नाजूक त्वचेच्या बाळाला थेट चढत्या उन्हात ठेवण्याबाबत डॉक्टरच सावध असतात, आणि गर्दीच्या वस्तीत अशी जागा आईला मिळेलच असे नाही. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, थेंबांची येते. ‘आईचे दूध परिपूर्ण असते, त्यात उणीव कशी?’ हा आक्षेप मायेपोटी येतो, म्हणून त्याला तितक्याच मायेने उत्तर द्यायला हवे. आईच्या दुधाला पर्याय नाही. फक्त त्यात ‘ड’ फार थोडे असते, लिटरभर दुधात शंभराच्या आतच एकके, आणि आईचीच पातळी कमी असेल तर त्याहूनही कमी. हा दुधाचा दोष नव्हे. बाळाला ‘ड’ दुधातून नव्हे तर उन्हातून मिळावे, अशीच निसर्गाची जुळणी होती. ती जुळणी आपण राहणी बदलून मोडली, तेव्हा भरपाई आपणच करायची. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षभर प्रत्येक बाळाला, ते आईच्या दुधावर असो वा वरच्या, रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके द्यावीत असे सांगते. ही मात्रा आकाशातून पडलेली नाही. चमचाभर कॉड तेलात साधारण इतकेच ‘ड’ असते आणि कित्येक पिढ्या ते पिऊन मुडदुसापासून वाचल्या.

‘मुडदूस कॅल्शियमअभावी होतो, ‘ड’चा एवढा गाजावाजा कशाला?’ असे विचारणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात सत्य आहे. नायजेरियातल्या मुलांवरचा १९९९ चा प्रसिद्ध प्रयोग दाखवतो की तिथल्या मुडदुसावर नुसत्या ‘ड’पेक्षा कॅल्शियमने जास्त गुण आला. आपल्याकडे ज्या घरांत दूध परवडत नाही आणि रोजचे जेवण ज्वारी-बाजरीची भाकरी आणि वरण एवढेच, तिथे कॅल्शियम आधीच तोकडे असते, आणि धान्यातले फायटेट त्यातलेही काही अडकवते. म्हणून ही दोन कारणे एकमेकांविरुद्ध उभी करणे चूक आहे. ‘ड’ हे दार उघडते, पण दाराबाहेर कॅल्शियमच नसेल तर आत येणार काय? आणि हे कॅल्शियम महागड्या डब्यांतच मिळते असे नाही. छावणीच्या आठवडी बाजारात मिळणारे तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, आणि कोकण-घाटातून येणारी नाचणी, जिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, हे सगळे लहान मुलाच्या ताटात मऊ करून येऊ शकते. ‘ड’ मात्र भाजी-भाकरीत मिळत नाही. अंड्याच्या बलकात ते थोडे असते, तेलकट माशांत बरे असते. ‘ड’ मिसळलेल्या पिशवीच्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० एककांची तरतूद आहे, पण ते दूध तान्ह्या बाळाचे अन्न नव्हे.

कोणत्याही चांगल्या गोष्टीचा अतिरेकी गौरव झाला की तिचीच हानी होते, आणि ‘ड’च्या बाबतीत हा धोका मोठा आहे. सर्दी-खोकल्यापासून क्षयापर्यंत सगळ्यांवर ‘ड’ हा उपाय म्हणून पुढे केला जातो. पुरावा तसे म्हणत नाही. दिल्लीत कमी वजनाच्या २,०७९ बाळांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्याला ‘ड’ दिल्याने बाळांची वाढ काहीशी सुधारली, पण मृत्यू वा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले नाही. काबूलमध्ये तान्ह्या मुलांना दर तीन महिन्यांनी एक लाख एककांचा डोस देऊन पाहिले. २०१२ च्या त्या निष्कर्षात न्यूमोनिया कमी झाला नाही. मंगोलियात साडेआठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना तीन वर्षे ‘ड’ देऊनही क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. या निकालांनी ‘ड’चे महत्त्व संपत नाही, ते त्याच्या जागी बसते. ते हाडांचे आणि कॅल्शियमचे काम करते, आणि लहान वयात तेवढे काम पुरेसे मोठे आहे. जे सिद्ध आहे तेवढेच ठामपणे सांगितले तर आईबाप ऐकतात; सगळ्याच आजारांचे आश्वासन दिले तर पहिल्या तापाबरोबर त्यांचा विश्वास उडतो.

याच अतिरेकाची दुसरी बाजू म्हणजे मोठा डोस. ६०,००० एककांची पुडी औषधाच्या दुकानांत सहज मिळते, आणि थोड्याने भले होत असेल तर जास्तीने जास्त भले होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हिशेब करून पाहावा: ती एक पुडी म्हणजे तान्ह्या बाळाची १५० दिवसांची मात्रा. ‘ड’ चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते फार झाले तर रक्तात कॅल्शियम चढते, बाळ उलट्या करते, सुस्तावते, मूत्रपिंडांना इजा होते. मुडदूस झालेल्या मुलाला मोठी मात्रा लागते, पण ती डॉक्टरांनी ठरवायची आणि मुदतीत थांबवायची. थेंबांच्या बाटल्यांतही फरक असतो. कुठे एका मिलिलिटरला ४०० एकके, कुठे ८००. म्हणून बाटली बदलली की तिच्यावरचा आकडा वाचल्याशिवाय आणि तिच्यासोबतचाच ड्रॉपर हाती घेतल्याशिवाय थेंब देऊ नयेत. तसेच धडधाकट मुलाची सरसकट रक्ततपासणी करण्याचीही गरज नाही, असेच बालरोगतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. तपासणीचे पैसे आहेत त्या घरात बहुधा थेंबांचेही असतात. जिथे दोन्हींची ओढाताण आहे, तिथे आधी थेंब यावेत.

म्हणून हा प्रश्न एकट्या आईवर टाकून चालणार नाही. लसीकरणाचे वेळापत्रक आपण घरोघरी पोचवले; ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस आणि लोहाचे औषध आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या हातून गावोगाव पोचते. पहिल्या वर्षाच्या ‘ड’च्या थेंबांना त्या यादीत अजून अशी पक्की जागा नाही, ती मिळायला हवी. पहिल्या लसीच्या दिवशीच, मग तो छावणीच्या रुग्णालयात असो, घाटी रुग्णालयात असो वा एखाद्या उपकेंद्रावर, बाटली आणि मात्रा आईला समजावून देणे हे काही अवघड काम नाही. अंगणवाडीचे वेळापत्रक असे आखता येईल की मुले सावली आखूड झाल्यावर थोडा वेळ बाहेर असतील. पाळणाघराला परवाना देताना उघड्या जागेची अट घालता येईल, आणि नव्या वसाहतींच्या नकाशात दोन इमारतींमध्ये ऊन उतरेल एवढे अंतर ठेवता येईल. सैनिकांसाठी दीडशे वर्षांपूर्वी जो विचार झाला, तो लेकरांसाठी आज व्हावा, ही फार मोठी मागणी नाही. पुढची पाने वाचताना वाचकाने आपल्या घरातल्या, वाड्यातल्या, इमारतीतल्या लहान मुलाला डोळ्यांपुढे ठेवावे, आणि स्वतःला एकच गोष्ट विचारावी: ज्या वेळी त्याची सावली त्याच्याहून लहान असते, त्या वेळी ते कुठे असते?

छावणी, छत्रपती संभाजीनगर